मदत हवी आहे: हनुवटीखालची सैल कातडी, हायफू आणि डिसेंबरमधलं लग्न

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा विचारावं लागणार नाही.

वय ४९, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. तेव्हापासून रोज चालते, भात सोडला, ज्वारीची भाकरीही मोजूनच खाते. वजन पंधराएक किलो उतरलं, गोळ्याही कमी झाल्या. पण चेहऱ्याची रया गेली. यंदा १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाचे फोटो शाळेच्या ग्रुपवर आले, त्यात मी बाजूने दिसते. जबड्याची रेघच हरवली आहे आणि हनुवटीखाली कातडी सुटलेली आहे. गेल्या वर्षी पाळी थांबली, तेव्हापासून हे फारच झपाट्याने झालं असं वाटतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आता नाही. कन्यादानाला मी आणि आमचे हे बसणार आहोत. त्या दिवशी मला थकलेली, आजारी दिसायचं नाही. तरुण दिसायचा सोस नाही, पण लोकांनी "किती वाळलीस गं, बरी आहेस ना?" असं विचारू नये, एवढंच वाटतं.

संभाजीनगरला एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. डॉक्टर भेटलेच नाहीत, समुपदेशक म्हणून एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, हायफूच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी कातडी ताठ करणाऱ्या मशीनच्या, एका सिटिंगमध्ये दहा वर्षं कमी होतील, फरक त्याच दिवशी दिसेल. पॅकेज पंचेचाळीस हजार, आजच बुक केलं तर सूट. तिने दाखवलेल्या फोटोंत आधीचा फोटो मान खाली घालून, अंधारात काढलेला होता आणि नंतरचा हनुवटी वर करून, उजेडात. मला तिथेच शंका आली. इकडे आमच्या गावात एका पार्लरमध्येही हायफू करायलेत, तेही सहा हजारांत. मैत्रिणी म्हणायल्यात की तिथेच कर.

ऑपरेशन करायचं नाही, हे नक्की. मग मशीनने खरोखर किती फरक पडतो? किती दिवसांनी दिसतो? डिसेंबरपर्यंत दिसेल का? शुगर असताना करावं का? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

---

गोदाकाठची (नांदेड)

ताई, मी मागच्या वर्षी केलंय, त्वचारोगतज्ज्ञांकडेच. जसं घडलं तसं सांगते.

आधी पाऊण तास बधिर करणारं क्रीम लावून ठेवतात. मग थंडगार जेल आणि त्यावरून मशीनचं तोंड फिरवतात. गालावर फारसं कळत नाही, पण जबड्याच्या हाडाजवळ शॉट बसला की दातांच्या मुळांपर्यंत झिणझिण्या जातात. त्या दिवशी घरी येऊन आरशात पाहिलं तर चेहरा खरंच ताठ वाटला. आठवड्याभरात तो ताठपणा गेला आणि मी घाबरले, पैसे पाण्यात गेले म्हणून. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ती सूज होती, खरं काम आता आत सुरू आहे. हनुवटीखाली हात लावला की दोन-तीन आठवडे दुखत होतं.

सव्वा-दीड महिन्यापर्यंत काही म्हणता काही नाही. तिसऱ्या महिन्यात फोटोत जबड्याची कड थोडी साफ दिसायला लागली. मी दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, केस मागे बांधून फोटो काढत होते, म्हणून कळलं. घरच्यांना आपणहून कळलं नाही. मानेवरच्या आडव्या रेघा होत्या तशाच आहेत. पुन्हा करेन का? हो, पण तेवढीच अपेक्षा ठेवून.

---

डॉ_लातूरकर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, लातूरला प्रॅक्टिस करतो. ताई, तुम्हाला फोटोंची शंका आली हे फार चांगलं झालं.

आधी आत काय होतं ते सांगतो, म्हणजे वेळेचा हिशोब आपोआप समजेल. हायफू म्हणजे ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून त्वचेखाली ठरावीक खोलीवर, साधारण दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटरवर, बारीक बारीक ठिपके ६० ते ७० अंशांपर्यंत तापवणं. वरची कातडी शाबूत राहते. इतक्या उष्णतेने कोलॅजनचे, म्हणजे कातडीला ताठ ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे जागच्या जागी आकसतात, आणि ती बारीक जखम भरून काढण्यासाठी शरीर नवीन कोलॅजन तयार करतं. हे बनणं आणि पक्कं होणं महिन्यांचं काम आहे, त्याला घाई करता येत नाही. म्हणून फरक दोन ते तीन महिन्यांनी दिसायला लागतो आणि सहा महिन्यांपर्यंत वाढू शकतो. पुढे साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो, कारण वय तर थांबलेलं नसतं. "त्याच दिवशी फरक" म्हणजे नांदेडच्या ताईंनी लिहिलं तसं, बहुतेक सूज.

तुमचं लग्न अकरा आठवड्यांवर आहे. या आठवड्यात केलं तर तोपर्यंत फरक जेमतेम दिसायला लागलेला असेल. नोव्हेंबरमध्ये केलंत तर लग्नात काहीच दिसणार नाही, उलट एखादा काळानिळा डाग मात्र असू शकतो.

आता किती फरक, ते. सैलपणा सौम्य ते मध्यम असेल तर थोडा उठाव येतो. कातडी घडी पडून लोंबत असेल तर मशीन ती उचलत नाही, तिथे शस्त्रक्रियाच लागते; आणि ती नको असेल तर आहे ते स्वीकारणं हाही मार्ग आहे. घरी अंदाज घ्यायचा तर आरशासमोर ताठ बसा, मान सरळ, आणि कानाच्या खालून कातडी बोटाने अगदी हलकेच मागे घ्या. एवढ्याशा ओढीने समाधान होत असेल तर मशीनचा विचार करण्यासारखा आहे. मूठभर ओढावी लागत असेल तर नाही. "ई" म्हणताना मानेवर उभ्या दोऱ्या ताणलेल्या दिसत असतील तर तो मानेच्या स्नायूचा प्रश्न आहे, हायफूचा नाही.

तुमच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. वजन उतरल्यावर गालातली चरबी गेलेली असते. चेहरा "वाळल्यासारखा" दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळे, कातडीमुळे कमी. अशा चेहऱ्यावर हायफू खोल आणि जास्त मारलं तर उरलेली चरबीही घटू शकते आणि गाल आणखी खोल दिसतात. म्हणजे ज्या कारणासाठी करायचं, नेमकं त्याच्या उलट. त्यामुळे कुणी गालांवर सरसकट शॉट द्यायचं म्हणत असेल तर स्पष्ट नको म्हणा. फक्त जबड्याची कड आणि हनुवटीखाली, तेही तपासणी करूनच. वजन किमान तीन महिने एकाच जागी स्थिर हवं.

पाळी थांबल्यानंतरची तुमची शंका बरोबर आहे. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटतं, पुढे वर्षाला दोनेक टक्के. तुमची काही चूक झालेली नाही.

शुगर आटोक्यात असेल तर अडचण नाही, पण आधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. वाढलेल्या शुगरमध्ये जखम नीट भरत नाही, आणि इथे सगळा खेळ जखम भरण्याचाच आहे. पेसमेकर, ओठांवर वारंवार उठणारे हर्पिसचे फोड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी घेतलेले फिलर (चेहरा भरण्याची इंजेक्शनं), यातलं काही असेल तर आधी सांगायचं.

---

बालाघाट (बीड)

डॉक्टर, आमच्याकडे सुयांची आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) जोरात आहे. तिचं काय?

---

डॉ_लातूरकर

मायक्रोनीडलिंग आरएफ. बारीक सुया टोचून त्यांच्या टोकाशी उष्णता देतात. पोत, खड्डे, बारीक सुरकुत्या यांना चांगली. उचल देण्यासाठी मर्यादित. साधारण तीन-चार सिटिंग, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर, आणि शेवटच्या सिटिंगनंतरही फरक यायला महिने लागतात. पूर्णाकाठ ताईंच्या लग्नाच्या हिशोबात ती बसत नाही. आणि हे उपचार हलक्यात घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, याच यंत्रांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. भाजणं, व्रण, चरबी घटणं, नसांना इजा अशा तक्रारी तिच्यात नोंदवल्या आहेत.

पार्लरबद्दल लिहायचं राहिलं. तिथे करू नका. जबड्याच्या कडेवरून ओठाचा कोपरा हलवणारी नस जाते. चुकीच्या जागी शॉट बसला तर हसताना तोंड वाकडं होतं. बहुतेकदा काही आठवड्यांत ते बरं होतं, पण भाचीच्या लग्नात तुम्हाला ते चालेल का?

---

खडकीवाला (छत्रपती संभाजीनगर)

माझ्या बायकोसाठी हे सगळं पालथं घातलंय, म्हणून लिहितो. क्लिनिकमध्ये गेल्यावर आधी त्वचारोगात एमडी असलेले डॉक्टर स्वतः तपासणार का ते विचारा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. मशीनचं नाव, कोणत्या खोलीचे कार्ट्रिज (मशीनचं बदलता येणारं तोंड), किती शॉट, शॉट स्वतः डॉक्टर देणार की टेक्निशियन, हे कागदावर लिहून मागा. जे लिहून देत नाहीत तिथून उठा. "आजच बुक केलं तर सूट" म्हणणाऱ्यांकडे आगाऊ पैसे भरू नका, ईएमआयवर तर नाहीच. नुसता सल्लाच हवा असेल तर आपल्या घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग असते, पण तिथे कुणाला पॅकेज विकायचं नसतं.

---

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलं तसं आरशासमोर करून पाहिलं. हनुवटीखाली हलक्या ओढीने भागतं, पण गाल मात्र खरंच आत गेलेत. वाळल्यासारखं तेच दिसतंय, हे इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. उद्या शुगरची तपासणी करते आणि शनिवारी घाटीत दाखवते. पॅकेज घेत नाही. मशीनचं ठरलंच तर लग्न झाल्यावर निवांत.

मग डिसेंबरपर्यंत घरच्या घरी काही करता येईल का? कोलॅजन पावडर घ्यावी का? आणि उन्हाचं काय? शाळेत मैदानावरच असते, ऑक्टोबर हीट तर तोंडावर आलीय.

---

डॉ_लातूरकर

पावडरीवर पैसे घालू नका, तेवढ्यात डाळ, अंडी, दही वाढवा. वजन उतरवताना प्रथिनं बहुतेक कमी पडली असतील, आहारतज्ज्ञांशी बोला.

उन्हाचं महत्त्व सगळ्यात जास्त. आपल्या मराठवाड्याचं ऊन कोलॅजन तोडतं आणि डागही देतं. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघा काढून जेवढं येईल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, शाळेत निघायच्या आधी. मैदानावर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. मान आणि कानामागची जागा बायका हमखास विसरतात. पदर किंवा ओढणी डोक्यावरून घेतलीत तर उत्तमच.

रात्रीसाठी ट्रेटिनॉइनचं (व्हिटॅमिन ए गटातलं औषध) क्रीम असतं, पण ते घाटीतल्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, आधी मॉइश्चरायझर लावून. मानेची कातडी पातळ असते, तिथे महिनाभर थांबा. पहिले काही आठवडे पापुद्रे निघतात. त्यामुळे सुरू करायचं तर आत्ताच. नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा लावू नका. आणि लग्नाच्या चार-पाच दिवस आधी बंद ठेवा, म्हणजे हळदीला चेहरा आग मारणार नाही.