अनुभव धागा: पाठ दुखण्याच्या आधी तुम्ही काय करता?

पाठ धरली की तेल, शेक, पट्टा सुचवणारे घरोघरी भेटतात. इथे ते नको. कणा हलता राहावा म्हणून रोजच्या कामाच्या ओघात काय करता, ते लिहा. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो. हालचालीने त्या दाबल्या जातात, सैल होतात, त्यातून त्यांचं पोषण चालतं. म्हणजे तासन्‌तास एकाच जागी बसणं हाच खरा घोळ, मग खुर्ची कितीही महागडी असो. नाव नको, गाव पुरे.

डिचोली
भजनात तबला वाजवतो. सप्ताहात आमची पाळी लागली की मांडी घालून बसायचं ते बसायचंच. आमच्या मंडळातले म्हातारे पखवाजी घरून घोंगडी आणतात, तिच्या चार घड्या करून फक्त कुल्ल्यांखाली घेतात. गुडघे सतरंजीवर, बैठक वर. त्याने कंबर मागे गोल होत नाही. मीही तसंच करतो. शिवाय अभंग संपून गवळण सुरू होईपर्यंत मांडी बदलतो, वरचा पाय खाली. पेटीवाला सूर धरून असतो तेवढ्यात खांदे मागे नेऊन सोडायचे. श्रोत्यांना वाटतं बुवा रंगात आलाय! पाळी संपली की लगेच चहाला बसत नाही, देवळाला एक प्रदक्षिणा घालतो. पुण्य वेगळं, पाठ वेगळी.

फोंडा
रोज स्कूटरने वेर्ण्याला, कारखान्यात. गतिरोधक आणि खड्डे सरळ कण्यात शिरतात. वेग कमी करणं हा एकच उपाय मला पटलाय. चाकात हवा बेताची, खूप कडक नाही. जेवणाचा डबा आणि लॅपटॉप पाठीवर न घेता पायापाशी ठेवतो. कामावर फोन आला की उभा राहून बोलतो.

वाळपई
आमचं कुळागर (माडा-पोफळींची बाग) आहे, वाकणं चुकत नाही. पण उठल्या उठल्या अंगण झाडायला घेत नाही. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी कंबर ताठ असते, असं फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितलं. (सकाळी आपली उंचीही जराशी जास्त भरते म्हणे.) आधी चहा, गुरांकडे एक फेरी, मग झाडू. हिरांच्या केरसुणीला बांबूचा लांब दांडा बांधलाय. विहिरीची कळशी आज डाव्या कमरेवर, तर उद्या उजव्या. नारळाची पाटी उचलताना गुडघे वाकवून पाटी पोटाशी घ्यायची आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवायचे. सासूबाई हसतात, पण हल्ली त्याही तसंच करतात.

पेडणे
चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट! वर बघत, हात ताणून फळं बांधली की मान गेलीच. आम्ही चौकट खाली दोन बाकांवर ठेवून निम्मीअधिक बांधतो, मग चौघं मिळून वर चढवतो. उरलेलं घडवंचीवर चढून, डोळ्यांच्या पातळीवर.

पणजी
मला वाटतं तुम्ही सगळे उगाच गुंतागुंत करताय. मी संध्याकाळी मिरामारला चालतो, बस्स. ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं. भुसभुशीत वाळूत पोटऱ्याच दुखतात.

मडगाव
मी परिचारिका. चालणं उत्तमच, पण एक लक्षात ठेवा. पायातली ताकद कमी होणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं, यांपैकी काही झालं तर व्यायाम, मालीश काही नको. त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. साध्या कंबरदुखीत मात्र आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नका. झेपेल तेवढं हिंडतंफिरतं राहिलेलं बरं.

फोंडा
वाळपईच्या ताई, तो दांडा केरसुणीला कसा बांधता? आमचा दोन दिवसांत निसटतो.

वाळपई
सुतळीने नको, तारेने बांधा. आणि दांड्याचं टोक तासून हिरांच्या मधोमध घुसवा, बाजूला लावू नका.