मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी ८×४२ दुर्बीण घ्यावी की १०×४२?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत पेनसिल्वेनियात राहतो आणि शेजाऱ्याबरोबर, रीतसर लायसन्स काढून, व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जातो. (शिकार करावी की नाही हा वाद इथे नको, प्लीज.)

सध्या खिशात मावणारी १०×२५ दुर्बीण आहे (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). भर दिवसा ठीक चालते. पण इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते आणि हरणं नेमकी झुंजुमुंजू होताना फिरतात. २५ भागिले १०, म्हणजे डोळ्यापर्यंत जेमतेम अडीच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत; झाडीत नुसता करडा ठिपका दिसतो. शिवाय राज्याच्या बऱ्याच भागात नराच्या शिंगाला एका बाजूला किमान तीन टोकं असावी लागतात. ती मोजता आली नाहीत तर गोळी झाडायचीच नाही. बंदुकीच्या स्कोपमधून (बंदुकीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीतून) शोधाशोध करणं मला पटत नाही, कारण बघू तिकडेच बंदूक रोखली जाते. पलीकडे माणूस निघाला तर?

८×४२ मध्ये तोच झोत सव्वापाच मिलिमीटर होतो, १०×४२ मध्ये ४.२. आमच्या दाट ओकच्या रानात लांबचं तसंही दिसत नाही, म्हणून माझा कल ८ कडे. शेजारी म्हणतो, टोकं मोजायला १०च हवी.

बजेट ५०० डॉलर. निकॉन मोनार्क एम७ आणि व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी मनात आहेत. चष्मा लावून यातली कुठली वापरली आहे का कुणी? कडेचं चित्र कापलं जातं का? आणि कडाक्याच्या थंडीत फोकसचं चाक जड होतं का?