एकाच गावचे दोन संघ आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

परवा कणकवली स्टँडवर गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर कॉलेजातली दोन पोरं, एकाच्या अंगात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा लाल शर्ट, दुसऱ्याच्या त्याच गावच्या मँचेस्टर सिटीचा आकाशी. एकाच बशीतला वडापाव दोघांत चालला होता आणि तोंडाने अखंड भांडण. शेवटी लालवाला म्हणाला, "तुझो बापूस खेळता काय रे थंय?" आकाशीवाला शांतपणे म्हणाला, "तुझो तरी खंय खेळता?" आणि उरलेली मिरची त्याने एकट्याने खाल्ली.

गाडीत बसल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. आपल्या किनाऱ्यावर एका शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब कुठेच नाहीत. आपली भांडणं अंडरआर्म क्रिकेटची, वाडी विरुद्ध वाडी. तरी मँचेस्टर, मिलान, कोलकाता अशा कुठल्याकुठल्या गावांतली शेजाऱ्याशेजाऱ्यांची वैरं आपण घरी आणून पाळलीत. मला वाटतं, आपल्याला ती चटकन कळतात. रियल माद्रिद आणि बार्सिलोना हे दोन गावांचं भांडण, ते वेगळं. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्यांचं भांडण कसं असतं हे भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

तर लिहा. अट एकच, दोन्ही संघ एकाच शहरातले हवेत. थोडं इकडेतिकडे चालेल, पण फार नको.

देवगडचा थोरला

तारीख सांगतो, १३ मे २०१२, रविवार. आंब्याचा ऐन हंगाम. खळ्यात पेट्या भरायचं काम चाललेलं, रात्री वाशीचा ट्रक यायचा होता. मी १९९९ पासून युनायटेडचा. धाकटा सिटीचा, आणि त्याचं कारण एवढंच की मी युनायटेडचा. सहा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात, सिटीने आमच्याच मैदानावर आम्हाला ६-१ धुतलं होतं. तेव्हापासून जेवताना हा भाताची सहा ढेकळं करून ताटात मांडायचा.

शेवटचा दिवस. दोघांचे गुण सारखे, गोलफरकात सिटी पुढे. म्हणजे त्यांनी क्वीन्स पार्क रेंजर्सला घरच्या मैदानावर हरवलं की संपलं. टीव्ही पडवीत आणून ठेवला, वायर खिडकीतून. हाताने आंबे गवतात बसवायचे, डोळे टीव्हीवर. तिकडे संडरलँडला आमचा रूनी गोल करून मोकळा झालेला. इकडे सिटी १-२ ने मागे, तेही समोर दहा जण असताना! धाकटा पेटीच्या फळीवर खिळा ठोकत होता, तो आंगठ्यावरच ठोकून घेतला.

आणि लाईट गेली.

शेवटची दोन-चार मिनिटं राहिली होती. मोबाईलला घरात रेंज नाही, वरच्या काजूखाली गेलात तर एखादी काडी. मी कशाला जातोय? हिशोब सरळ होता. गणपतीतली उरलेली फटाक्यांची माळ माळ्यावर होती, ती काढली आणि खळ्यात लावली. आवाज ऐकून खालच्या घरातले काका बॅटरी घेऊन धावले, त्यांना वाटलं वानर आले बागेत. मी त्यांना आंबा कापून दिला आणि सांगितलं, आम्ही जिंकलो.

पाऊण तासाने लाईट आली. टीव्ही आपोआप लागला. निळे कागद उडतायत आणि सिटीचा कर्णधार, तो व्हिन्सेंट कंपनी, चषक उचलतोय.

बाकीचं जगाला माहीत आहे. जादा वेळेत आधी झेकोचा गोल, मग ९३ मिनिटं २० सेकंदांवर अग्वेरोचा. ४४ वर्षांनी सिटीला लीग मिळाली. आई म्हणाली, "मगे त्यो फटाके कित्याक लावलंस?" त्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एकटा एव्हर्टनवाला

चिपळुणात वकिली करतो, दिवाणी बाजू. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचा चाहता. माझ्यासारखा दुसरा अजून भेटलेला नाही, जिल्ह्यात असेल तर कृपया कळवा, चहा माझ्याकडून.

मी या क्लबकडे वळलो तो खेळ बघून नव्हे. तो बघून कोणीही वळणार नाही. वळलो तो दावा वाचून. अ‍ॅनफिल्ड हे मैदान मुळात एव्हर्टनचं, लिव्हरपूल हा क्लब तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. जागामालक जॉन हौल्डिंग. त्याच्याशी भाडं आणि इतर गोष्टींवरून बिनसलं, म्हणून १८९२ साली एव्हर्टनने बिऱ्हाड उचललं आणि बागेपलीकडे गुडिसन पार्कात गेले. मालकाकडे उरलं रिकामं मैदान. त्याने काय करावं? त्या जागेत नवा क्लबच उभा केला, तो लिव्हरपूल. कुळ निघून गेलं म्हणून मालकाने नवं कुळ जन्माला घातलं, असा दावा मी माझ्या उभ्या वकिलीत पाहिलेला नाही.

ऑफिसातला ज्युनियर लिव्हरपूलचा. मी त्याला "मालकाचा माणूस" म्हणतो. २०२५ च्या मे महिन्यात पुरुषांच्या संघाने गुडिसन सोडलं आणि नव्या मैदानावर गोदीत गेले, त्या रात्री त्याने मला निरोप धाडला : "सर, परत जागा बदललीत? भाडं थकलं काय?" उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तीन मोजण्यांना पाठवला, मे महिन्याच्या उन्हात.

वेंगुर्ल्याची सून, सध्या निवृत्त

ह्यांची बँकेची बदली कोलकात्याला झाली होती, १९९६ ते ९९. घरमालक 'बांगाल', म्हणजे मूळ पूर्व बंगालातले, त्यामुळे ईस्ट बेंगॉलचे. शेजारी 'घोटी', पश्चिमेकडचे, मोहन बागानचे. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बेंगॉल १९२० चा. शेजारी तेवढ्यावरूनही त्यांना पोरकट म्हणायचे. आम्हाला आधी भाषाच येत नव्हती, पण मासळीवरून कोण कोणाचं ते पहिल्या महिन्यात कळलं. ईस्ट बेंगॉल जिंकलं की घरात इलिश, बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी. इलिश म्हणजे आपला पाला हो. चव अमृत, पण काटे किती! मुलं लहान, मी तो घरात आणायचेच नाही.

१३ जुलै १९९७. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेकचं मैदान. घरमालक ह्यांना घेऊन गेले. १ लाख ३१ हजार माणूस होतं म्हणतात. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी आधीच आग लावून ठेवली होती, ईस्ट बेंगॉलच्या सोसोला काकडी (बंगालीत शोशा), ओमोलोला ऑम्लेट असली नावं ठेवून. आणि झालं काय, बायचुंग भुतियाने तीन गोल मारले, ईस्ट बेंगॉल ४-१.

ह्यांना गोल आठवत नाहीत. आठवतं ते मनगट. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत घरमालकांनी ह्यांचं मनगट सोडलं नाही, घामाने निसटायला लागलं की परत धरायचे. ट्राममध्ये बसल्यावर कारण सांगितलं. १९८० च्या ऑगस्टमध्ये ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले, तेव्हा ते तिथे होते.

आता माझी गंमत. मला सामन्याचा पत्ता नाही. बाजारात कोळंबी स्वस्त दिसली. (का स्वस्त होती ते नंतर कळलं, बागानवाले त्या दिवशी घेणार नव्हते!) घरची सोलं होती, खोबरं घालून झणझणीत सुकं केलं. घरमालक इलिशचं पातेलं घेऊन जिना चढले आणि दारातच थबकले. वास. मी हसून म्हटलं, या ना. ह्यांचा चेहरा पांढरा. म्हातारबुवा आत आले, बसले, दोन कोळंब्या खाल्ल्या आणि बंगालीत काहीतरी म्हणाले. ह्यांनी अर्थ सांगितला : "आज जिंकलोय म्हणून खातो. हरलो असतो तर जागा खाली करायला लावली असती."

गंज्या

एवढं प्रेम गावच्या मैदानावर केलं असतं तर दोन गोलपोस्ट तरी उभे राहिले असते. आमच्याकडे अजून चपलांचेच आहेत.

धोपाव्याचा खलाशी

जहाजावर होतो, दोन वर्षांपूर्वी सोडलं. इस्तंबूलला आमचं जहाज नांगरावर होतं, चार तासांची सुट्टी मिळाली. बाजारात थंडी म्हणून लोकरी टोपी घेतली, पिवळी-लाल. रंग बरा दिसला, दुसरं काही नाही. मग बोस्फोरस ओलांडायला फेरीबोटीत बसलो, कादिकोयला जाणारी.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिवळा-लाल म्हणजे गलातासराय, युरोपच्या काठावरचे. कादिकोय म्हणजे आशियाचा काठ, फेनरबाचेचं घर, त्यांचा रंग पिवळा-निळा. आणि दिवस सामन्याचा. बोट अर्ध्यात आली तेव्हा आजूबाजूच्या बाकांवरचं बोलणं बंद झालेलं माझ्या लक्षात आलं. चहावाला ट्रे घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, ट्रे बाकावर ठेवला, माझी टोपी डोक्यावरून काढली, घडी केली आणि माझ्याच जाकिटाच्या खिशात कोंबून चेन लावली. मग मधे कमर आवळलेला छोटा काचेचा चहाचा ग्लास हातात दिला. पैसे घेतले नाहीत. सगळे परत बोलायला लागले.

मी लहानपणी रोज धोपाव्याहून दाभोळला फेरीने जायचो, शाळेला. पलीकडच्या पोरांनी आमच्याकडच्यांच्या टोप्या कैकदा खाडीत टाकल्यात. खिशात घालून चेन कधी कोणी लावली नाही.

खाडीपलीकडची

नवरा इंटरचा, दीर एसी मिलानचा. आमचं वडिलोपार्जित घर, मधे भिंत घालून दोन केलेलं, खळं मात्र एक. तुळस कोणाच्या बाजूला यावरून पंधरा वर्षं बोलणं नाही, पण मॅच असली की दीर येतो, कारण मोठा टीव्ही आमच्याकडे. मिलान शहराचंही तसंच आहे हे मला फार आवडतं. १९०८ साली परदेशी खेळाडू घ्यावेत की नाही यावरून फुटून इंटर निघाला, आणि पुढे दोघं सान सिरो या एकाच मैदानावर खेळले. इंटरचे कट्टर लोक उत्तरेच्या टोकाला, एसी मिलानचे दक्षिणेच्या. आमच्याकडे नवरा पडवीच्या दाराशी बसतो, दीर माजघराच्या. चहा मी मधोमध ठेवते. ज्याला हवा त्याने उठावं.

बांद्याचो झिलगो

अट जरा मोडतो. पणजी आणि वास्को ही दोन गावं, पण अख्खा गोवा एवढूसा, चालवून घ्या.

बाबा रोज पहाटे भाजी घेऊन म्हापसा, पणजीला जायचे. त्यामुळे धेंपो. मामा वास्कोत नोकरीला, तो साळगावकर. दोन्ही खाणवाल्या उद्योगघराण्यांचे क्लब. आमच्याकडे चतुर्थीला मामा आला की आरती संपायच्या आत सुरू. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. बाबा पाच बोटं दाखवायचे, तोंडाने काही नाही. मामाकडे १९९८-९९ आणि २०१०-११, एवढंच. पण ते २०१०-११ त्याने असं वापरलं, काय सांगू! मधलं वर्ष होतं ना. आधी धेंपो, नंतर धेंपो, मधे साळगावकर. "तुमच्या ताटातलो घास काढलो," असं म्हणायचा.

२०१६ ला दोघांनीही आय-लीगमधून अंग काढलं. त्या चतुर्थीला मामा आला, बाबांनी हात वर केला आणि नुसता डोक्यावरून फिरवला. आता दोघं एफसी गोवाची मॅच एकाच सोफ्यावर बसून बघतात आणि दुसऱ्या हाफला दोघांनाही झोप लागते.

घाटमाथा

वैभववाडीचा. शिकायला कोल्हापुरात होतो, खोली शिवाजी पेठेत. मित्र म्हणाला शाहू स्टेडियमला चल, शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची मॅच आहे. मी आयुष्यात टीव्हीवर सोडून फुटबॉल पाहिलेला नव्हता. पाटाकडीलच्या एकाने लांबून असा काही बॉल मारला की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. भोवती सगळी शिवाजी पेठ. मागून एक हात खांद्यावर आला. "कुठलं रं तू?" म्हटलं, वैभववाडी. "मग बस की गप, भावा. तुला काय कळतंय." घाटाखालचा असल्याचा एवढा फायदा मला परत कधी झाला नाही.

देवगडचा धाकटा

थोरल्याने लिहिलंय ते आत्ता वाचलं. बरंचसं खरं आहे. दोन दुरुस्त्या.

एक, भाताची ढेकळं सहा नव्हती, सात. त्यांच्या एकाचं पण मांडायचो.

दोन. लाईट गेल्यावर दादा माळ्यावर फटाके शोधत होता तेव्हा मी कुठे होतो ते त्याने लिहिलं नाही, कारण त्याला माहीतच नाही. मी काजूखाली होतो. मुंबईच्या मित्राचा मेसेज आला : ३-२ अग्वेरो. तीनदा वाचला. खाली आलो तर दादा काडेपेटी पेटवत होता. सांगणार होतो, देवाशप्पथ. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाव दे रे, पुढच्या वर्षी." मग म्हटलं, लाव बाबा.

माळ वाजत होती तेव्हा मी मेणबत्तीच्या उजेडात शेवटच्या वीसेक पेट्यांवर मार्करने ९३:२० लिहिलं. ट्रकने गेल्या. दोन दिवसांनी वाशीहून दलालाचा फोन आला, तो दादानेच घेतला. विचारत होता, पाच डझनी, सहा डझनी कळतं, हा ९३-२० कुठला माल?