मदत हवी आहे: औली किंवा गुलमर्गला स्कीइंग केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही हिंगणघाटजवळच्या खेड्यातले, घरी कापूस-तूर. पोरगी नागपूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिनं उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी स्कीवाल्यांसाठी, म्हणजे पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावरून घसरत जाणाऱ्यांसाठी, इमारत घेतली आहे. बर्फ आमच्या घरात कुणीच पाहिलेला नाही.

ती सांगते, स्कीचे बूट प्लास्टिकचे, एकदम कडक. घोटा वाकत नाही, जिना चढताना हाल होतात. म्हणून बूट भाड्यानं मिळायची जागा, संडास, कँटीन सगळं बर्फाच्या पातळीवरच हवं. मला हे लगेच पटलं. पावसाळ्यात वावरातून आलो की आमच्या छपरीत चिखलाच्या जोड्यांचा ढीग पडतो, ओल थेट चुलीपर्यंत जाते. आणि आम्ही तर घरचे सहाच माणसं. तिथं दुपारी सगळेच एकदम जेवायला आत येणार!

जे जाऊन आले त्यांनी सांगा, ओले बूट-हातमोजे वाळवायची सोय होती का? फरशी घसरायची का? लेकरांना बूट चढवून द्यायला बाक पुरायचे का? आतले फोटो असतील तर फारच बरं होईल. महिनाअखेरीस तिला नकाशे द्यायचे आहेत.