खाडीची सीमा प्रदर्शनात कशी दाखवावी?

ऐरोलीकर: आमच्या वसाहतीत शाळकरी मुलांसाठी ठाणे खाडीच्या इतिहासाचे छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. सागरी संग्रहालयांत सीमा दाखवताना नकाशावर बहुधा एका काठाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, आणि मधे तोफा व सनावळ्या असतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई, पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला. हे सांगावेच लागेल. परंतु राज्ये बदलत असताना खाडीत जाळे टाकणारी माणसे तीच होती. ती कशी दाखवावीत?

चेंदणीकर: डोल या जाळ्यापासून सुरुवात करा. पिशवीसारखे हे लांब जाळे खुंटांना बांधून त्याचे तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवतात. तोंडाशी जाळ्याची छिद्रे मोठी आणि शेवटाकडे इतकी बारीक, की जवळ्यासारखी इवलीशी कोळंबीही निसटू नये. हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी, दोघांच्याही हातांना ते ओळखीचे आहे. ते दालनाच्या मधोमध टांगले, तर नकाशातील रेषेपेक्षा मुलांना अधिक कळेल. आणखी एक: ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे, आणि ‘तुरुंग’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आहे.

वाशीकर: सूचना आवडली, मात्र सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असे चित्र रंगवू नये. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ नसलेले जहाज पकडले जाई. खाडीवर जकात होती, धर्मांतरेही झाली. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच. त्या घंटेचे छायाचित्र लावताना ती विजयाची खूण होती आणि कोणाची तरी प्रार्थनेची घंटाही होती, हे दोन्ही लिहावे.

अशा मांडणीचे एक उदाहरण आहे: जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमेवरील फ्लेन्सबुर्गचे सागरी संग्रहालय जुन्या जकात वखारीत आहे. ते शहर १८६४ पर्यंत डॅनिश राजाच्या अमलाखाली होते, आणि १९२० च्या सार्वमतानंतर जर्मनीतच राहिले. तिथे साखर आणि उसापासून बनणारे रम हे मद्य यांच्या व्यापाराबरोबर, त्यासाठी ऊस पिकवणाऱ्या कॅरिबियन बेटांवरील गुलामांची कहाणीही मांडली गेली. बंदराचे वैभव दाखवताना त्याची किंमत कोणी मोजली, हे लपवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

ऐरोलीकर: मग डोल मधोमध, तिच्या एका बाजूला कार्ताझची माहिती आणि दुसऱ्या बाजूला घंटेचे छायाचित्र असे ठरवतो. चेंदणीकर, वापरातून काढलेली डोल आठवड्यापुरती कोणाकडून मिळू शकेल का?