लेकीसाठी हाताचंच मशीन बघा

नऊ वर्षांच्या लेकीला बॅटरीवरचं छोटं शिलाई मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय आणि वर दोघींनी 'स्वस्त आहे, घेऊन टाका' म्हटलंय. मला ते पटत नाही. भाचीला आम्ही तसंच घेतलं होतं. जरा जाड कापड आलं की मोटर घरघरायची, सुई तिथेच अडायची. टीप एकेरी दोऱ्याची, साखळीसारखी. टोक ओढलं गेलं की अख्खी शिवण भराभर उसवायची. पोरीला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मग आईचं जुनं काळं हाताचं मशीन माळ्यावरून काढलं, तेल घातलं, सुई बदलली. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्याने कापड सरकवायचं. हात थांबला की सुई थांबते, वेग पूर्ण तिच्या ताब्यात. पहिले काही दिवस दोरा ओवलाच नाही. जुन्या सुईने वहीच्या कागदावर, छापील रेघेवरून नुसती भोकं पाडायची. नंतर सुती कापड आणि १४ नंबरची सुई. वरचा दोरा धरून चाक एकदा फिरवलं की बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा फास होऊन वर येतो, ते ती दहा-दहा वेळा करून बघायची!

जुनं घेताना चिंधीवर टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसले, तर बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा ताण सैल असतो. तेवढ्यावरून मशीन नाकारू नका. आणि ती शिवत असेल तेव्हा शेजारी बसाच.