मदत हवी आहे : बाण न दाखवता खेळाडूला जिन्यापर्यंत कसं न्यायचं?

मंडळी, गोडो इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक छोटा फर्स्ट पर्सन, म्हणजे सगळं खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारा गेम करतोय. बंद पडलेलं वीजकेंद्र आहे. शत्रू नाहीत, संवाद नाहीत, जे काही सांगायचं ते जागेनेच सांगायचं. सध्या सगळं ब्लॉकआउटमध्ये आहे, म्हणजे नुसते राखाडी ठोकळे. दुसऱ्या लेव्हलवर गाडी अडलीये.

खेळाडू एका बुटक्या, अरुंद बोगद्यातून बाहेर पडतो आणि समोर एकदम मोठं आवार उघडतं. पलीकडच्या भिंतीत उंचावर एका खिडकीत दिवा जळतोय. पोचायचं तिथे. जिना मात्र डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. ज्यांना खेळायला दिलं ते जवळपास सगळे दिवा बघून नाकासमोर चालत जातात आणि खिडकीखालच्या बंद फाटकाशी झटापट करत बसतात. टाकीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. कुठे जायचं ते कळतंय, कुठून जायचं ते कळत नाहीये.

बाण, मिनिमॅप (पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा), चढायच्या कडांना फासलेला पिवळा रंग हे उपाय माहीत आहेत. धावपळीच्या गेममध्ये ते लागतातही. पण इथे वाट हुडकणं हाच खेळ आहे, बाण लावला की खेळाडूला करायला काही उरतच नाही.

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल परत परत बघतोय. मारिओ डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढ्यात मोकळी जागा. एक अक्षर न लिहिता दिशा कळते. ठोकळ्यातून निघालेलं मशरूम उजवीकडे सरकतं, खाली पडतं, पाइपला आपटून उलटं फिरतं आणि खेळाडूच्याच अंगावर येतं. ते चांगलं असतं हे खेळाडूला असं आपसूक समजतं. निव्वळ मांडणीतून एवढं साधणं ही माझ्या लेखी अव्वल दर्जाची कला आहे. २०१२ च्या जर्नी या गेममध्ये दूरचा डोंगर आणि त्याच्या शिखरावरचा उजेड खेळाडूला ओढत नेतो, पण तिथे बराच भाग मोकळं वाळवंट आहे. माझ्याकडे मध्ये भिंत आहे, त्यामुळे ती युक्ती इथे अर्धीच लागू पडते.

फाटक काढून तिथे सपाट भिंत केली तर लोक लवकर बाजूला वळतील का? की मग नुसतेच गोंधळतील? बोगद्याचं तोंड थोडं डावीकडे फिरवलं तर बाहेर पडताच जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसतात, पण दिवा नजरेच्या कडेला जातो, आणि अंधारातून आल्यावर दिव्याचं ते पहिलं दर्शन माझ्याच्याने सोडवत नाही. तिसरा विचार असा की खिडकीतून एक जाड केबल भिंतीवरून टाकीमागे उतरवावी, म्हणजे नजर तिच्या मागोमाग जाईल. पण राखाडी ठोकळ्यांत अशी बारीक गोष्ट तपासून खरा अंदाज येतो का, की आधी प्रकाशयोजना पक्की करावी?

ज्यांनी क्वेक या जुन्या शूटिंग गेमचे किंवा स्वतःच्या गेमचे मॅप (लेव्हल) केले आहेत त्यांनी कृपया सांगा. आवाराचा वरून काढलेला नकाशा लागत असेल तर प्रतिसादात टाकतो.